निश्चल देह, जागृत बंदा





अल्लाहने दिलेल्या देणग्यांची आठवण काढताना आपल्या ओठांवर डोळे, कान, जीभ आणि हातपाय यांची नावे येतात. पापणीचे नाव क्वचितच येते. परंतु या जगात असेही बंदे आहेत, की ज्यांच्याकडे स्वतःच्या इच्छेने हलवता येईल अशी केवळ पापणीच उरलेली असते. मान वळत नाही, बोट हलत नाही, घास गिळता येत नाही, जिभेवर शब्द येत नाही. आणि तरीही आत संपूर्ण माणूस जागा असतो. तो ऐकतो, समजतो, आठवतो, लाजतो, दुखावतो आणि आपल्या रबला हाक मारतो. अशा बंद्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या उशाशी वावरणाऱ्या आपणा सर्वांविषयी, दीनची शिकवण काय आहे, याचा आज विचार करावयाचा आहे.

ही अवस्था कशी येते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या मध्यावर ‘पॉन्स’ नावाचा लहानसा भाग आहे. हात, पाय, चेहरा, जीभ यांना मेंदूकडून मिळणाऱ्या आज्ञा पॉन्सच्या पुढच्या बाजूने खाली जातात. त्याला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी गुठळीने बंद झाली किंवा तेथे रक्तस्राव झाला, की या आज्ञांची वाट एकाएकी तुटते. मात्र माणसाला जागे ठेवणारे तंतू मागच्या बाजूने जातात आणि पापणी उचलण्याचे, नजर वर-खाली करण्याचे नियंत्रण त्याहून वर असते. हे दोन्ही वाचले, तर माणूस पूर्ण शुद्धीत राहतो, परंतु स्वतःच्याच देहात कोंडला जातो. १९६६ मध्ये फ्रेड प्लम आणि जेरोम पॉस्नर या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी या स्थितीला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ हे नाव दिले. आपण तिला बंदिस्त अवस्था म्हणू.

या अवस्थेतील सर्वांत दुःखद गोष्ट अशी, की ती अनेकदा ओळखूच येत नाही. रुग्ण निपचित पडलेला असतो, म्हणून तो बेशुद्ध आहे असे गृहीत धरले जाते. नजर उजवी-डावीकडे वळत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही असे मानले जाते. वास्तविक पुष्कळ रुग्णांना केवळ वर-खाली पाहता येते. कोणीतरी जवळ बसून ‘ऐकू येत असेल तर वर पाहा’ असे म्हणेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने लोटतात. अशा रुग्णांच्या पाहणीत असे दिसून आले आहे, की निम्म्याहून अधिक वेळा ‘हा शुद्धीवर आहे’ हे सर्वप्रथम घरच्या माणसानेच ओळखले. मायेने पाहणारी नजर किती मोलाची असते, हे यावरून समजावे.

फ्रान्समधील ‘एल’ या मासिकाचे संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना ८ डिसेंबर १९९५ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी असा आघात झाला. सुमारे वीस दिवसांनी ते शुद्धीवर आले, तेव्हा त्यांच्या ताब्यात मुख्यतः डाव्या डोळ्याची पापणी उरली होती. त्यांच्याजवळ बसून फ्रेंच अक्षरे वापराच्या क्रमाने म्हटली जात. हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. अशा रीतीने अक्षराला अक्षर जोडून त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. बोबी मुस्लिम नव्हते. परंतु देह निकामी झाल्याने माणूस निकामी होत नाही, याची साक्ष त्यांच्या पापणीने साऱ्या जगापुढे ठेवली. ती साक्ष ऐकल्यानंतर आपल्या घरातील निश्चल माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी पूर्वीसारखी राहता कामा नये.

जिभेविना केलेली इबादत

दिव्य कुरआनात हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) यांचा प्रसंग दोन ठिकाणी आला आहे, सूरह आलि-इमरानमध्ये आणि सूरह मरयममध्ये. वृद्धापकाळी पुत्राची शुभवार्ता मिळाल्यावर त्यांनी रबकडे एक निशाणी मागितली. निशाणी अशी मिळाली, की प्रकृती ठणठणीत असतानाही तीन दिवस त्यांना लोकांशी बोलता येणार नाही, केवळ खुणा करता येतील. आता या निशाणीसोबत आलेला आदेश लक्षात घ्या. त्या दिवसांत रबचे पुष्कळ स्मरण करावे, सकाळ-संध्याकाळ त्याची पवित्रता वर्णावी, असे त्यांना सांगण्यात आले. आणि ते मेहराबमधून बाहेर आले, तेव्हा त्यांनी लोकांनाही खुणेनेच तसबीह करण्यास सांगितले. म्हणजे लोकांशी बोलणे थांबले होते. परंतु रबशी असलेले नाते थांबले नव्हते आणि दीन पोहोचवण्याचे कार्यही थांबले नव्हते. ते खुणेने चालू राहिले.

हजरत मरयम (अलैहस्सलाम) यांनीही मौनाचा नवस केला होता. लोकांनी तान्ह्या बाळावरून प्रश्नांचा भडिमार केला, तेव्हा त्यांनी केवळ बाळाकडे बोट दाखवले. एका पवित्र स्त्रीच्या अब्रूचा बचाव ज्या क्षणी अत्यावश्यक होता, त्या क्षणी तो शब्दाने झाला नाही, एका खुणेने सुरू झाला. ज्या दीनच्या ग्रंथात खुणेला एवढा मान आहे, त्या दीनचे अनुयायी पापणीच्या खुणेला क्षुल्लक कसे समजू शकतील?

आणि हजरत यूनुस (अलैहिस्सलाम) यांची आठवण करा. माशाच्या पोटात, अंधाराच्या थरांत, जेथून कोणत्याही माणसापर्यंत आवाज पोहोचणार नव्हता, तेथून त्यांनी हाक मारली आणि ती ऐकली गेली. देहाच्या अंधारात कोंडलेल्या बंद्याला ही कथा पुनःपुन्हा ऐकवली पाहिजे. ज्याने माशाच्या पोटातील हाक ऐकली, त्याला निश्चल ओठांमागची हाक ऐकणे अवघड नाही.

नमाज कशी पढावी?

अशा रुग्णाच्या घरून इमामाकडे येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘अब्बांना नमाज माफ झाली का?’ प्रश्न योग्य आहे. परंतु त्याच्या उत्तरात जे दडले आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे.

सहीह बुखारीत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आहे. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना उभे राहून नमाज पढण्यास सांगितले, ते शक्य नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून. पुढे हेच इमरान (रजि.) अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि सहीह मुस्लिममधील वृत्तान्तानुसार फरिश्ते त्यांना सलाम करीत असत. आजाऱ्याच्या नमाजचा नियम ज्यांच्यामुळे उम्मतला मिळाला, ते स्वतःच दीर्घकाळचे आजारी होते, आणि फरिश्त्यांनी त्यांचे अंथरूण टाळले नव्हते.

कुशीवर पडूनही रुकू-सजदा करता येत नसेल, तर डोक्याने इशारा करावा, यावर एकमत आहे. डोकेही हलत नसेल तर काय? येथे फिकहच्या दोन वाटा होतात, आणि आपल्या महाराष्ट्रात दोन्ही वाटांचे प्रवासी आहेत. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम घराणी शाफई मसलकाची आहेत; देश, मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथे हनफी मसलक सर्वत्र आहे.

शाफई मसलकानुसार अक्कल शाबूत आहे तोवर नमाजचे दायित्व संपत नाही. डोके हलत नसेल तर पापण्यांनी इशारा करावा; तेही जमत नसेल तर नमाजच्या सर्व क्रिया क्रमाक्रमाने मनातून न्याव्यात. हनफी मसलकात मात्र डोळा, भुवई किंवा मन यांच्या इशाऱ्याने नमाज अदा होत नाही, इमाम जुफर (रह.) यांचे मत यापेक्षा वेगळे आहे. डोक्यानेही इशारा करता येत नसेल तर नमाज पुढे ढकलली जाते, आणि ही असमर्थता एका दिवस-रात्रीहून अधिक टिकली, तर त्या नमाजांची कजाही राहत नाही, असा अनेक हनफी विद्वानांचा फतवा आहे. काही महिन्यांनी मान थोडी हलू लागली, तर डोक्याच्या इशाऱ्याने नमाजचे दायित्व पुन्हा सुरू होते. प्रत्यक्ष रुग्णाची स्थिती सांगून आपापल्या मसलकाच्या जाणकार आलिमांकडून निर्णय घ्यावा.

वरवर पाहता एक वाट कठोर आणि दुसरी सौम्य वाटेल. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन्ही इमामांच्या अनुयायांनी हा प्रश्न सोडवताना त्या रुग्णाला शरीअतचे संबोधन लागू असलेला, समजणारा बंदा मानले आहे. एकाने म्हटले, ‘तुझी पापणीसुद्धा तुझ्या रबच्या दरबारात स्वीकारली जाईल.’ दुसऱ्याने म्हटले, ‘तुझ्या रबने तुझे ओझे उतरवले आहे.’ दोघेही त्याच्याशीच बोलत आहेत! आजच्या लेखाचे सार याच वाक्यात आहे. ज्याला अल्लाहने संबोधणे थांबवलेले नाही, त्याला संबोधणे आपण थांबवू नये.

म्हणून नमाजची वेळ झाली की रुग्णाला तसे सांगावे. वुजू किंवा तयम्मुम दुसऱ्याने करवून दिले तरी चालते. शक्य असेल तर खाट किब्ल्याच्या दिशेने करावी. आपल्याकडे किब्ला पश्चिमेस आहे, आणि पश्चिमेकडे पाय करण्यास घरचे लोक धजावत नाहीत. परंतु उताण्या पडलेल्या रुग्णाची उशी थोडी उंच करून, चेहरा किब्ल्याकडे राहावा म्हणून पाय त्या दिशेस करणे फुकहांनी सांगितलेले आहे. त्यात बेअदबी नाही. खाट हलवणे शक्य नसेल तर ती जशी आहे तशीच राहू द्यावी. ज्यांच्यावरून नमाज उतरली आहे, त्यांच्यासाठीही घरातील कोणी शेजारी मुसल्ला अंथरून मोठ्याने किरअत केली, तर त्या खोलीतील वेळ पुन्हा पाच नमाजांनी बांधला जाईल. दिवस-रात्र एकाच छताकडे पाहणाऱ्या माणसाला अजानच्या वेळा सांगणे म्हणजे त्याचा दिवस त्याला परत देणे होय.

आणि हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस त्याला आवर्जून ऐकवावी. बंदा आजारी पडतो किंवा प्रवासाला जातो, तेव्हा निरोगी असताना आणि घरी असताना तो जे सत्कर्म करीत असे, ते त्याच्या नावे लिहिले जात राहते. ज्या पावलांनी तो फजरला मशिदीत जात होता, ती पावले थांबली. लेखणी थांबलेली नाही.

त्याच्यासमोर आपण काय बोलतो?

आपण कब्रस्तानात जातो तेव्हा तेथील रहिवाशांना सलाम करतो. प्रेषितांनी (सल्ल.) तसे शिकवले आहे. मातीखाली गेलेल्यांना सलाम करणारे आपण, घरातल्या खाटेवर जागे असलेल्या वडिलांना मात्र सलाम न करताच त्यांच्या उशाची औषधाची बाटली उचलून बाहेर येतो! खोलीत जाताना सलाम करावा. तो पापणी मिटेल, तेच त्याचे ‘व अलैकुमुस्सलाम’ असेल.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याच्यासमोर होणारी बोलणी. ‘आता यांचे काही खरे नाही’, ‘किती दिवस हे चालायचे?’, ‘सुटले तर बरे होईल’, ‘दवाखान्यात किती पैसे गेले!’ भेटीला आलेले लोक पलंगाच्या एका बाजूला बसतात, घरचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये निजलेल्या माणसाच्या अंगावरून ही वाक्ये पार होतात. सूरह हुजुरातमध्ये पाठीमागे निंदा करण्याला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. मेलेला भाऊ प्रतिकार करू शकत नाही, हे त्या उपमेतील एक मर्म आहे. बंदिस्त अवस्थेतील भाऊही प्रतिकार करू शकत नाही. फरक एवढाच, की तो जिवंत आहे आणि प्रत्येक शब्द ऐकतो आहे.

कोणी म्हणेल, ‘आमच्या रुग्णाचे डोळेही प्रतिसाद देत नाहीत. त्याला काही कळत असेल कशावरून?’ येथे फिकहचा एक मूलभूत नियम मार्ग दाखवतो: जे निश्चित आहे, ते केवळ संशयाने नाहीसे होत नाही. त्याला अक्कल होती, हे निश्चित आहे. ती गेली की नाही, याबद्दल संशय आहे. मग आदबीच्या बाबतीत तरी तो ऐकतो आहे, असेच धरून वागावे. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणीचे उदाहरण प्रसिद्ध केले. बाह्यतः ती कोणताही प्रतिसाद देत नव्हती. तिला टेनिस खेळत असल्याची, स्वतःच्या घरातून फिरत असल्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा मेंदूच्या चित्रणात निरोगी माणसाप्रमाणेच हालचाल दिसून आली. प्रत्येक बेशुद्ध रुग्णाबद्दल असे म्हणता येणार नाही. परंतु बाहेरची शांतता म्हणजे आतली शून्यता असे म्हणण्याची घाई करू नये, एवढे यातून निश्चित कळते.

सुन्नत तर यापुढे जाते. हजरत जाबिर (रजि.) आजारी पडून शुद्ध हरपून पडले होते. प्रेषित (सल्ल.) आणि हजरत अबू बकर (रजि.) त्यांना भेटण्यासाठी पायी चालत गेले. ‘त्याला कुठे कळणार आहे, कोण आले ते’ असे म्हणून ते थांबले नाहीत. प्रेषितांनी (सल्ल.) वुजू केले, ते पाणी त्यांच्यावर शिंपडले आणि जाबिर (रजि.) शुद्धीवर आले. शुद्धीवर येताच आपल्या मालमत्तेचे काय करावे, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला. तो प्रश्न त्यांच्या उशाशी बसून दुसऱ्यांनी परस्पर सोडवून टाकला नव्हता.

अंगठा आणि अमानत

मालमत्तेचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलले पाहिजे. वारसाहक्क मृत्यूनंतर निर्माण होतो. श्वास चालू आहे तोवर घर, शेत, दुकान, बँकेतील रक्कम ही त्या रुग्णाचीच आहे. तो बोलू शकत नाही म्हणून त्याच्या हयातीत वाटणी करणे, निर्जीव झालेला त्याचा हात धरून शाईत बुडवणे आणि कागदावर अंगठा उमटवणे, हा उघड जुलूम आहे. मग तो करणारा थोरला मुलगा असो की धाकटा भाऊ. परलोकात तोच अंगठा साक्षीला उभा राहील.

फुकहांनी बोलू न शकणाऱ्यांचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार केली. तिच्या ७०व्या कलमात मुक्या माणसाच्या ओळखीच्या खुणांना जिभेने केलेल्या निवेदनाचा दर्जा दिला आहे. जन्मतः मुका आणि आजाराने वाचा गेलेला यांच्यात हनफी फुकहांनी फरक केला आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ती अवस्था दीर्घकाळ टिकलेली असावी आणि त्याच्या खुणा स्पष्ट ओळखीच्या झालेल्या असाव्यात, अशी अट आहे. म्हणून अशा रुग्णाची जकात, वसीयत, देणे-घेणे यांचा प्रश्न येईल तेव्हा त्यालाच विचारावे, निःपक्ष साक्षीदारांसमोर विचारावे आणि आलिम तसेच वकील या दोघांचा सल्ला घ्यावा. रोजे ठेवण्याची शक्ती परत येण्याची आशा नसेल, तर त्याच्या मालातून फिदया द्यावा. परंतु तो देत आहोत हे त्याला सांगून द्यावा. ‘अब्बा, तुमच्या रोजांचा फिदया देतो आहोत’ हे वाक्य त्याच्या कानी पडू द्या. आपण अद्याप घरातील कर्ते आहोत, हे त्याला कळू द्या.

पापणीची भाषा

त्याच्याशी बोलायचे कसे? आरंभ सोपा आहे. डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञ यांच्या सल्ल्याने ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या दोन खुणा ठरवाव्यात: वर पाहणे म्हणजे होय, खाली पाहणे म्हणजे नाही. घरातील सर्वांनी त्याच खुणा पाळाव्यात आणि त्या मोठ्या अक्षरांत लिहून पलंगावर लावाव्यात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ‘पाणी हवे की उशी सरकवू?’ या प्रश्नाला होय-नाहीचे उत्तर नसते. डोळे लवकर थकतात. घाई करू नये.

त्यापुढील पायरीसाठी आपल्या मराठी वर्णमालेची रचनाच मदतीला येते. आपली व्यंजने वर्गांत मांडलेली आहेत. सहायकाने ‘स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, उरलेली अक्षरे’ असे सावकाश म्हणावे. रुग्णाने पापणी मिटली की थांबून त्या वर्गातील अक्षरे एकेक म्हणावीत. काना, मात्रा, वेलांटी सुरुवातीला सोडून द्यावी. ‘प’ आणि ‘ण’ एवढे मिळाले की ‘पाणी का?’ असे विचारावे आणि उत्तर त्याच्याकडूनच घ्यावे. आपला अंदाज त्याच्यावर लादू नये. ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले, त्यांच्यासाठी उर्दू हरफांची तख्ती करावी. लहानपणी मकतबमध्ये तख्तीवर बोट ठेवून ज्यांनी आपल्याला पहिली अक्षरे शिकवली, त्यांच्यासाठी आज आपण तख्ती धरावी, याहून मोठी परतफेड कोणती?

‘सुटका’ म्हणजे काय?

निरोगी माणसाला वाटते, की असे जगण्यापेक्षा मरण बरे. परंतु हे निरोगी माणसाचे मत आहे. २०११ साली बेल्जियममधील लीएज विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रान्समधील अशा रुग्णांना त्यांच्या आयुष्याविषयी विचारले. ज्यांची उत्तरे गणता आली, अशा ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण समाधानी आहोत असे सांगितले, १८ जणांनी दुःखी आहोत असे सांगितले. त्या अठरांचे दुःख लपवण्याचे कारण नाही. ते कशाशी जोडलेले होते, हे पाहावे: मनातील चिंता, बाहेर जाता न येणे, विरंगुळा नसणे, वाचा परत न येणे. वाचा आपल्या हाती नाही. परंतु चाकाच्या खुर्चीतून जुम्याला मशिदीच्या सहनापर्यंत नेणे, ईदच्या दिवशी नवे कपडे घालून माणसांत बसवणे, नातवंडांना त्याच्याजवळ सबक म्हणावयास लावणे, हे तर आपल्या हाती आहे. मशिदींच्या विश्वस्तांनीही एक उतार बांधून या कामात आपला वाटा उचलावा.

दुःखामुळे मृत्यूची इच्छा करू नये, असे प्रेषितांनी (सल्ल.) शिकवले. फारच असह्य झाले तर बंद्याने रबकडे इतकेच मागावे, की जगणे माझ्यासाठी हितकर आहे तोवर मला जगव आणि मरण हितकर असेल तेव्हा मला उचल. निर्णय त्याच्याकडे सोपवणारी ही दुआ आहे. जेथे बंद्याला स्वतःसाठीही मृत्यू मागण्याची मनाई आहे, तेथे दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या वतीने मृत्यू मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि त्याच्या आजाराला त्याच्या पापांची शिक्षा म्हणणाऱ्यांनी हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांची कथा पुन्हा वाचावी. काट्याच्या बोचण्यानेही ईमानधारकाच्या चुका झडतात, असे आपल्याला सांगितले गेले आहे. मग ज्याला अंगावर बसलेली माशीसुद्धा हाकलता येत नाही, त्याच्या सब्रचा हिशेब कोण करू शकेल?

सेवेचा भार

हे सारे लिहिताना सेवा करणाऱ्यांचा विसर पडू नये. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीने अन्न देणे, घशातील कफ काढणे, जखमा होऊ न देणे, हे काम महिनोन् महिने चालते आणि आपल्या घरांत ते बहुधा सुनेच्या वाट्याला येते. फिकहच्या दृष्टीने आई-वडिलांच्या सेवेचे दायित्व मुला-मुलींवर आहे. सासू-सासऱ्यांची सेवा करणारी सून उपकार करीत असते. तो तिच्याकडून वसूल करण्याचा हक्क नाही. मुलांनी आपल्या वाट्याची रात्र स्वतः जागावी, भावांनी खर्च वाटून घ्यावा, आणि अंग पुसणे, कपडे बदलणे यांसाठी पुरुष रुग्णाजवळ मुलांनीच पुढे व्हावे. पलंगावरील माणसालाही लज्जा आहे. ती तो सांगू शकत नाही, म्हणून आपण ती राखली पाहिजे.

सहीह मुस्लिममधील एका हदीसे-कुदसीचा आशय असा आहे, की कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारेल: मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? बंदा चकित होऊन म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा स्वामी! तेव्हा सांगितले जाईल, माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याला भेटायला गेला असतास, तर मला त्याच्यापाशीच पाहिले असतेस. आपल्या घराच्या मागच्या खोलीत, औषधांच्या वासात, कोणाचे सान्निध्य आहे, याचा विचार या हदीसच्या प्रकाशात प्रत्येकाने करावा.

शेवटी एक गोष्ट स्मरणात ठेवू या. सूरह यासीनमध्ये त्या दिवसाचे वर्णन आहे, ज्या दिवशी तोंडांवर मोहर लावली जाईल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. आज ज्यांची जीभ चालते, त्या दिवशी त्यांचीही चालणार नाही. तेव्हा आपले हात काय सांगतील? आम्ही त्याची उशी सरळ केली, की आम्ही त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवला? आपले पाय काय सांगतील? आम्ही त्याच्या खोलीत गेलो, की दारावरून परतलो? बोलण्याची मुभा आहे तोवर आजच त्या खोलीत जावे, सलाम करावा, समोर बसावे आणि पापणीकडे पाहावे.

हे अल्लाह! जे तुझ्या हिकमतीने आपल्या देहात बंदिस्त आहेत, त्यांच्या अंतःकरणाला तुझ्या स्मरणाने विस्तीर्ण कर. त्यांना शिफा दे, आणि शिफेपर्यंतचा प्रत्येक श्वास त्यांच्या दर्जांच्या वाढीचे कारण बनव. त्यांची सेवा करणाऱ्यांचे हात बळकट कर, त्यांच्या थकव्याला कबूल कर. आम्हाला असे कान दे, जे न उच्चारलेले ऐकतील, आणि अशी जीभ दे, जी असहायाला दुखावणार नाही. आमीन.